एसीतला गॅस संपत नाही, गळतो

'नवीन घरातल्या स्प्लिट एसीत दर उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्या' असा सल्ला काही जण देतात, तो कृपया पाळू नका. वार्षिक सर्व्हिसिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण गॅस, म्हणजे एसीत थंडावा आणणारा वायू, पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद नळ्यांमध्ये तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. बाहेरच्या युनिटला नळ्या जोडतात तिथले पितळी नट आधी बघा. त्यांच्याभोवती धूळ चिकटलेला तेलकट डाग असेल तर बहुधा तिथूनच गळतंय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात.

अजून एक. आतल्या युनिटमधल्या कॉइलवर (थंड होणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरला की लगेच 'गॅस कमी' असं निदान होतं. पण हवा गाळणारी जाळी (फिल्टर) धुळीने बुजली, हवा कमी पडली, तरी हुबेहूब तसाच बर्फ धरतो! म्हणून आधी कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड लावा, बर्फ वितळू द्या, मग जाळ्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. तरीही बर्फ आला तर मेकॅनिक बोलवा. गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंप लावायला (नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायला) आणि गॅस वजन करून भरायला सांगा, नुसत्या गेजच्या (दाब दाखवणाऱ्या मीटरच्या) अंदाजाने नको. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं. एसीतला गॅस आर-३२ या प्रकारचा असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय नळीवर जोडकामाची ज्योत (टॉर्च) लावू देऊ नका, हा गॅस पेट घेऊ शकतो.