शेतावरच्या मुक्कामी पाहुण्यांचं कुत्रं: यावं की नको?

माळरान

सुट्टीला शेतावर राहायला जायचं आणि घरचं कुत्रंही सोबत न्यायचं, ही सोय आता बऱ्याच ठिकाणी मिळते. जाहिरातीत हिरव्या कुरणात मोकाट धावणारं कुत्रं हमखास असतं. माझा आक्षेप त्या फोटोवरच आहे. मी नुसती राहायला बांधलेली, शेताचा देखावा केलेली ठिकाणं म्हणत नाही. जिथे रोज धारा निघतात, गायी वितात, मेंढ्या चरतात, अशा शेतांबद्दल बोलतोय. तिथे कुत्रं खोलीत राहू दे, मालकाबरोबर दोरीने फिरू दे. पण जनावरांच्या वावरात ते मोकळं सोडायची मुभा कुणालाही नको, मग कुत्रं कितीही गुणी असो. आणि विण्याचा हंगाम असेल तेवढे आठवडे कुत्र्यांचं बुकिंगच घेऊ नये.

कुत्रं चावलं तरच नुकसान, असं नसतं. नुसतं खेळायला म्हणून मागे धावलं तरी मेंढ्या जीव खाऊन पळतात, कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. त्यातल्या शेवटच्या आठवड्यांत अशी पळापळ झाली, तर त्या दिवशी ती धडधाकट दिसते आणि नंतर गाभडते. तोवर पाहुणे आपापल्या घरी पोचलेले असतात. भरपाई कुणाकडे मागायची?

शेपटी

माळरान, अजिबात पटलं नाही. दोरीनेच फिरवायचं असेल तर एवढा प्रवास करून शेतावर कशाला जायचं? कुत्र्याला जरा मोकळं धावता यावं म्हणूनच माणसं अशी जागा शोधतात. माझी कुत्री म्हातारी आहे, मागचे पाय धड साथ देत नाहीत. बोर्डिंगमध्ये ठेवली की अन्नाला तोंड लावत नाही, दाराकडे बघत पडून राहते. तिला मागे ठेवून सुट्टी मला घेता येत नाही आणि घ्यायचीही नाही.

शिवाय शेतावर राखणीचं कुत्रं असतंच की. मांजरं असतात, रात्री कोल्हे फिरतात. त्या सगळ्यांचं चालतं आणि पाहुण्याच्या कुत्र्याचाच तेवढा धोका? हाकेसरशी परत येणारं कुत्रं कुठलं आणि न येणारं कुठलं, हे बघा की. आल्या आल्या शेतमालकाने पारख करून घ्यावी. सरसकट सगळ्यांना दोरी लावणं हा अन्याय आहे.

दावण

आमचं दुभत्या जनावरांचं शेत आहे आणि पाहुण्यांची कुत्रीही येतात, म्हणून लिहिते.

शेपटी, राखणीच्या कुत्र्याचं वेगळं असतं. ते गायींच्या डोळ्यांसमोर वाढलेलं असतं. गव्हाणीखाली झोपलं तरी एकही गाय मान वर करत नाही. अनोळखी कुत्रं नुसतं दारात येऊन भुंकलं तरी धार काढताना गाय पान्हा चोरते. घाबरल्या जनावराचा पान्हा उतरतच नाही. कासेत दूध राहतं, आणि असं वारंवार झालं तर कासदाहाला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण.

हाकेला येणाऱ्या कुत्र्याचंही सांगते. एका पाहुण्यांचा कुत्रा फार शहाणा होता. बस म्हटलं की बसायचा, अंगणात एका हाकेत परत यायचा. त्याच संध्याकाळी फाटकापलीकडे कोकरं दिसली. जागच्या जागी थबकला. मान खांद्यांच्याही खाली गेली, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहिला. मालक नाव घेऊन हाका मारतायत आणि ह्याचा कानसुद्धा हलत नाही. दोरी हातात होती म्हणून निभावलं. यात कुत्र्याचा काय दोष? कळपामागे जाणं त्याच्या रक्तातच आहे. म्हणून अंगणातल्या पारखेवर मी विसंबणार नाही.

पण माळरान, तुमचा हंगामाचा नियम मेंढ्यांच्या शेतावर ठीक. गायींच्या शेतावर बारा महिने कुणी ना कुणी व्यायला झालेली असते. मग आम्ही कायमचीच दारं लावायची का? आम्ही वेगळा मार्ग काढला. उंच जाळीचं एक आवार फक्त कुत्र्यांसाठी राखलं. आत जायला एकामागे एक दोन फाटकं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद असतं. तिथे जनावर सोडत नाही की तिथला चारा कापत नाही. त्या आवारात हवं तेवढं धावा. बाहेर मात्र दोरी.

खूरशिंग

मी पशुवैद्य आहे. चर्चा पळापळीवरच अडली आहे, पण आजारांची बाजू याहून मोठी आहे.

निओस्पोरा कॅनिनम हा एकपेशीय परजीवी १९८८ मध्ये वेगळा ओळखला गेला, आणि कुत्रं त्याचं अंतिम यजमान आहे, म्हणजे त्याची पूर्ण वाढ आणि प्रजनन कुत्र्यात होतं, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. कुत्र्याने गायीची वार, म्हणजे विल्यावर बाहेर पडणारं वेष्टन, खाल्ली, किंवा संसर्ग असलेलं कच्चं मांस खाल्लं, की त्याच्या विष्ठेतून या परजीवीच्या कणिका बाहेर पडतात. त्या चाऱ्यातून, पाण्यातून गायीच्या पोटात जातात. गाय बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडते. गाभडली नाही तरी वासरू पोटातूनच संसर्ग घेऊन येऊ शकतं, आणि ती कालवड मोठी होऊन आपल्या वासराला तो देऊ शकते. गायीला बरं करणारं खात्रीचं औषध नाही. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. मूरघासाच्या, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, ढिगावर विष्ठा पडली तर ती पुढे सगळ्या गोठ्यात वाटली जाते. म्हणून ‘कुत्र्याची घाण उचला’ ही पाटी केवळ स्वच्छतेसाठी नसते.

मात्र सगळा ठपका पाहुण्यांवर टाकू नका. वार पहिल्यांदा सापडते ती शेतावरच्याच कुत्र्याला. ती उचलून खोल पुरणं हे शेतकऱ्याचं काम.

दुसरा आजार हायडॅटिडचा. तो ज्या पट्टकृमीमुळे होतो तो चपटा जंत कुत्र्याच्या आतड्यात असतो, जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याची अंडी मेंढीच्या आणि माणसाच्याही पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. आइसलँडमध्ये एकेकाळी याने थैमान घातलं होतं. त्यांनी आणि नंतर न्यूझीलंडने तो आटोक्यात आणला तो कुत्र्यांना जंतनाशक देऊन आणि मेंढीची कच्ची आतडी-काळीज खाऊ घालणं बंद करून. प्राझिक्वांटेल हे औषध त्यावर लागू पडतं, पण त्याचा असर टिकून राहत नाही, म्हणून ते मुक्कामाच्या तोंडावर द्यायला हवं. ब्रिटन कुत्र्याला देशात घेताना ते पोचण्याआधी २४ ते १२० तासांत दिलेलं असावं असं बंधन घालतं. शेतमालकाने तसाच दाखला मागितला तर त्यात वावगं काही नाही.

धोका कुत्र्यालाही आहे. कोली या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या आणि त्यांच्या जातकुळीतल्या काही कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकाचा दोष असतो, त्यांना आयव्हरमेक्टिन हे जनावरांना दिलं जाणारं जंतांचं औषध बाधतं. नुकतंच ते औषध दिलेल्या जनावराचं शेण खाऊन अशी कुत्री लडखडतात, आंधळी झाल्यासारखी वागतात, क्वचित दगावतात. उंदराच्या औषधाने रक्त गोठायचं थांबतं आणि ते लक्षात यायला काही दिवस जातात. घरात वाढलेल्या कुत्र्याला शेतावरच्या कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय, याची कल्पना नसते.

आडवाट

सगळे दोरी दोरी म्हणताय, पण गायींच्या कुरणात दोरीच घात करू शकते. लहान वासरू असलेली गाय कुत्र्यावर चाल करून येते, आणि कुत्रं मालकाच्या पायात शिरतं. तुडवला जातो तो माणूस. अशी माणसं दगावली आहेत. इंग्लंडमध्ये मोकळ्या फिरायच्या रानांत १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीने धरायचा नियम आहे, तरी तिथलाच सल्ला असा की गाय मागे लागली तर दोरी सोडून द्या. कुत्रं पळून सुटतं, माणूस सुटत नाही. त्यामुळे वासरं असलेल्या कुरणातून कुत्रं न्यायचंच नाही, दोरीनेही नाही.

माळरान

आडवाट, सहमत. आणि दावण, गायी वर्षभर वितात हे खरं, तुमचं आवार मला चालेल. पण असं आवार किती जणांकडे आहे? बहुतेकांकडे खोली, अंगण आणि लगेच कुरण. त्यांनी आधी जाळी मारावी आणि मगच कुत्र्यांचं बुकिंग सुरू करावं. मेंढ्यांच्या बाबतीत माझं म्हणणं तेच आहे. गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे आणि कोकरं पायावर उभी राहीपर्यंत बाहेरचं कुत्रं नको. शेपटी, तुमच्या म्हातारीने मेंढीमागे धावायची शक्यता नाही हे मान्य, पण नियम एका कुत्र्याकडे बघून करता येत नाही.

शेपटी

का येत नाही? बुकिंग घेताना कुत्र्याचं वय, जात, जनावरांची सवय विचारता येते. माणसांची चौकशी करताच ना? खूरशिंग यांनी सांगितलेला जंतनाशकाचा दाखला मी आनंदाने आणेन, घाण उचलायला तर मी कधीच नाही म्हटलं नाही. वासरांच्या कुरणात तर पाऊलही टाकणार नाही. पण मग शेतमालकांनीही मोकाट कुत्र्यांचे फोटो काढून टाकावेत, आवार आहे की नाही ते जाहिरातीत लिहावं आणि उंदराचं औषध कुठे ठेवलंय ते पोचल्या पोचल्या दाखवावं. पैसे भरल्यावर फाटकात नियमांचा कागद हातात ठेवणं मला मान्य नाही. आणि सहा आठवड्यांची सरसकट बंदीही नाही.

दावण

कागद आम्ही बुकिंगच्या आधीच पाठवतो. तरी अर्धे लोक न वाचता येतात, म्हणून आल्यावर त्यांना घेऊन आधी गोठ्यामागे जाते, मूरघास दाखवते, विष कुठल्या कपाटात आहे ते दाखवते, मगच खोलीची किल्ली देते. शेपटी, आवाराचं फाटक जमिनीलगत आहे, पायरी नाही. तुमच्या कुत्रीला त्रास होणार नाही.