मदत हवी आहे: कलेक्टिव्ह दिला की नाक डावीकडे वळतं

नमस्कार मंडळी,

माझं ४५० आकाराचं आरसी (रिमोटवर उडणारं) हेलिकॉप्टर आहे, शेपूट बेल्टवर चालणारं. हेड होल्डमध्ये (नाकाची दिशा आपोआप धरून ठेवणारा मोड) हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, अगदी स्थिर. पण कलेक्टिव्ह (मुख्य रोटरच्या सगळ्या पात्यांचा एकत्र कोन) झटक्यात वर दिला की नाक डावीकडे चांगलं ४० अंश फिरतं, चढणं थांबवलं की सावकाश जागेवर येतं. दोन आठवडे याच्याच मागे आहे.

मला समजतं ते असं. वरून पाहिलं तर माझा मुख्य रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून बॉडी उलटी फिरू पाहते, म्हणजे नाक डावीकडे. तो जोर शेपटीचा रोटर तोलून धरतो. त्याचा वेग बेल्टने मुख्य रोटरशी बांधलेला, आपल्या हातात फक्त पात्यांचा कोन. कलेक्टिव्ह वाढला की टॉर्क (बॉडीला उलटं फिरवणारा तो जोर) वाढतो, आणि जायरोने (वळणं ओळखून शेपूट सांभाळणारा सेन्सर) शेपटीचा कोनही तितकाच वाढवायला हवा. इथेच कुठेतरी पाणी मुरतंय.

गेन (जायरोची संवेदनशीलता) वाढवून पाहिला, तर शेपूट थरथरायला लागलं, म्हणून परत खाली आणला. जायरोची दिशा बरोबर आहे: मोटर बंद ठेवून, हेली हातात धरून नाक डावीकडे वळवलं की स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) उजव्या रडरच्याच, म्हणजे नाक उजवीकडे वळवणाऱ्या, बाजूला सरकतो. लिंक (स्लायडरला त्याच्या सर्व्होशी, म्हणजे तो सरकवणाऱ्या छोट्या मोटरशी, जोडणारी काडी) काढून बोटाने सरकवला तर कुठे अडकतही नाही. बेल्ट नीट ताणलेला आहे.

अजून काय बघू?

प्रतिसाद १

गेन राहू द्या. जायरो रेट मोडवर (फक्त वळण्याचा वेग रोखतो, दिशा धरून ठेवत नाही) टाका, रडर ट्रिम शून्यावर, आणि हॉवर करा. नाक वाहत असेल तर लिंकची लांबी बदला, ट्रिम नाही. हेड होल्ड ही चूक झाकतो: जायरो सर्व्होला हवा तिथे नेऊन ठेवतो, त्यामुळे हॉवरमध्येच उजवीकडचा बराच प्रवास संपतो आणि चढताना द्यायला काही उरत नाही. जायरोमधली उजवीकडची लिमिटही (सर्व्होला कुठवर जाऊ द्यायचं ती मर्यादा) तपासा. चढताना रोटरचा आवाज बसतो का तेही ऐका. मुख्य रोटरचा वेग पडला की शेपटीचाही पडतो.

मूळ लेखक

मनापासून आभार! रेट मोडमध्ये नाक खरंच डावीकडे वाहत होतं. मोटर बंद करून उजवा रडर पूर्ण दिला, तर स्लायडर टोकाच्या ३ मिमी अलीकडेच थांबत होता. सर्व्होवर ताण नको म्हणून लिमिट मीच कमी ठेवली होती. ती वाढवली, लिंकच्या टोकाला दोन फेरे दिले. आवाज कुठेच बसत नाही.

आता त्याच चढाईत नाक जेमतेम हलतं. एक मात्र राहिलं: डावीकडची गिरकी जागच्या जागी थांबते, उजवीकडची थांबताना शेपूट एकदा मागे उसळी मारतं. हे गेनचं काम की लिमिटचं?