ठाणे-तळोज्याच्या तुरुंगात वक्तृत्व मंडळ: पाठबळ द्यावं का?

मासुंदा
ठाणे-नवी मुंबईत भाषणकलेचे क्लब कमी नाहीत. त्यांनी ठाणे आणि तळोजा मध्यवर्ती कारागृहात बंद्यांचं मंडळ चालवायला माणसं आणि पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना टोस्टमास्टर्स या भाषणकलेच्या जागतिक संस्थेचं पूर्ण सदस्य होता येत नाही अशा गटांसाठी त्यांच्याकडे गॅव्हल क्लबची सोय आहे आणि तुरुंगातले गटही तिच्यात बसतात. नाव कुठलंही द्या, चौकट उपयोगाची आहे: आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं, तयारीचं पहिलं भाषण चार ते सहा मिनिटं आणि प्रत्येक तयार भाषणावर दोन-तीन मिनिटांचा अभिप्राय.

यातला अभिप्राय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आत माणसाला हुकूम ऐकायला मिळतो, दटावणी मिळते. 'तुझं पहिलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत आलं, दुसरं तोंडातच राहिलं' असं कोणी सांगत नाही.

सामान थोडं लागतं. वीस जणांना शिवलेल्या वह्या (तारेची वही झडतीत अडकते), तीन रंगांचे पुठ्ठे आणि भिंतीवरचं घड्याळ. फोन गेटवरच राहतो, म्हणून वेळ पाहणारा समोर बसून पुठ्ठा उचलतो. आयत्या भाषणाला एक मिनिटाला हिरवा, दीडला पिवळा, दोनला लाल. कस लागतो तो माणसांचा. आठवड्याला दोन स्वयंसेवक वर्षभर खाडा न करता हवेत. तीन महिन्यांत दमणाऱ्यांनी सुरूच करू नये.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगातलं बोलणं किती दूर जातं हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

कळवा_पूल
माझा विरोध आहे. आधी दाखल्याबद्दल. विनोबा सत्याग्रही म्हणून आत होते, आणि ती प्रवचनं होती. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. तुमच्या मंडळात ऐकणाऱ्यालाच उभं राहायचंय.

ठाण्याचा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे. मंजूर क्षमता ११०५, आणि आत तिच्या कितीतरी पट माणसं राहत आली आहेत. देशभर चारांतले तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही. त्यांना भाषण नको, जामीन हवाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कधीच शिक्षा न झालेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून जास्त खटले असतील तरी हा लाभ नाही. न्यायालयाकडे अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा असतो. पण अटकेची तारीख, कलमं आणि जुनी नोंद जुळवून यादी तयार करायला हात लागतात. तुमचे दोन स्वयंसेवक विधी सेवा प्राधिकरणाकडे (गरजूंना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) नाव नोंदवून आधी हे काम करू देत.

पांडवकडा
दोन्ही कामांना लागणारी माणसं वेगळी. कागद जुळवणाऱ्याला कायद्याची ओळख लागते, मंडळ चालवणाऱ्याला गट सांभाळता यावा लागतो. पण मंडळ बाहेरच्यासारखं चालवलं तर आत हमखास फसतं, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण गळती. न्यायाधीन बंदी तारखेला जातो, सुटतो, दुसऱ्या कारागृहात पाठवला जातो. दहा भाषणांची चढती मालिका आखली तर चौथ्याला निम्मे चेहरे नवे असतात. म्हणून प्रत्येक बैठक स्वतंत्र हवी, पहिल्यांदा आलेल्यालाही त्याच दिवशी एक मिनिट बोलता यायला हवं. वेळ ७५ मिनिटं पुरे, आणि ती संध्याकाळच्या गिनतीच्या (बंद्यांच्या मोजणीच्या) बऱ्याच आधी संपली पाहिजे. गिनती लांबली की पुढच्या आठवड्याची परवानगी अवघड होते.

दुसरं, 'अं'ची मोजणी, म्हणजे बोलताना कोण किती वेळा 'अं' करत अडखळला ते मोजणं. बाहेर घंटी वाजवतात, लोक हसतात. आत चारचौघांत हसं झालं की ते बराकीत रात्रभर पुरतं. आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याच्या हातात द्यावा. अभिप्राय कोण देणार हेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवा, नाहीतर बराकीत ज्याचा दबदबा त्याचीच सगळे स्तुती करतात. बोलायचं ते भाषणावर, माणसावर नाही. 'हात खिशात होते' चालतं, 'घाबरट आहेस' चालत नाही.

तिसरं, विषय. 'माझी आई', 'माझी चूक' हे विषय सुरुवातीला टाळा. मुलाकातीच्या (घरच्यांच्या भेटीच्या) दुसऱ्या दिवशी असा विषय निघाला तर माणूस मधेच बसून घेतो आणि पुन्हा येत नाही. हाताच्या कामावर बोलायला लावा. 'भिंत ओळंब्यात आहे की नाही हे कसं पाहायचं' हा विषय गवंड्याला द्या. वर ठोकळा भिंतीला टेकवायचा, खाली लंबक सोडायचा, डोलायचा थांबेपर्यंत थांबायचं. लंबक भिंतीला जेमतेम शिवून राहिला तर भिंत सरळ, लांब राहिला किंवा भिंतीवर रेलला तर कललेली. क्रम त्याच्या हातात मुरलेला असतो, त्यामुळे शब्द आपोआप रांगेत येतात. लिहिता न येणाऱ्याला कागदावर तीन चित्रं काढू द्यावीत. भाषा ज्याची त्याची: मराठी, आगरी, हिंदी, बंगाली. शेजारच्याने सार सांगायचा.

चेंदणी
बाजूने आहे, पण एका अटीवर. गुन्ह्याच्या घटनेबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण पोलीस नसलेल्या माणसापुढे दिलेली कबुली, दुबळा पुरावा मानली जात असली तरी, न्यायालयात येऊ शकते. ऐकणारा स्वयंसेवक किंवा सहबंदी उद्या साक्षीला उभा राहू शकतो. हा नियम बैठकीआधी दर वेळी मोठ्याने सांगा. कोणी घसरलाच तर वेळ पाहणाऱ्याने लगेच लाल पुठ्ठा उचलावा.

कळवा_पूल
म्हणजे ज्या गोष्टीवर बोलायला शिकणं त्याला सगळ्यांत गरजेचं, तीच वर्ज्य!

चेंदणी
घटना वर्ज्य आहे, तारखा नाहीत. व्हीसीवर (व्हिडिओवरून कोर्टापुढे) हजेरी काही सेकंदांत उरकते, आणि वकील कोर्टाच्या आवारात घाईत भेटतो. नाव, केस नंबर, कलमं, अटकेचा दिवस, आरोपपत्र आलं का, मागच्या तारखेला काय झालं, हे सगळं ९० सेकंदांत त्याच क्रमाने सांगण्याचा सराव मंडळात करता येतो. घाबरलेला माणूस 'साहेब, मी काही केलं नाही' इथून सुरू करतो आणि तारखेपर्यंत पोचतच नाही.

मासुंदा
हे पटलं. पहिली फेरी तारखांचीच ठेवू. कळवा_पूल, २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तुरुंगातल्या बंद्यांनी वादविवादात हार्वर्डच्या संघाला हरवलं होतं, इंटरनेटशिवाय तयारी करून. आतल्या माणसाची कुवत कमी धरू नका.

कळवा_पूल
कुवतीबद्दल शंका नाहीच. ते बंदी बार्ड कॉलेजच्या पदवी अभ्यासक्रमात होते. त्यांच्यामागे अध्यापक होते आणि नियमित वर्ग होते. आठवड्याच्या ७५ मिनिटांशी त्याची तुलना नको. तारखांच्या फेरीत ज्याचा एक तृतीयांश काळ भरलेला दिसेल त्याचं नाव त्याच दिवशी विधी सहाय्याच्या वहीत चढणार असेल, तर अर्धा विरोध मागे घेतो. उरलेला निवडीवर. 'चांगल्या वर्तणुकीची' यादी मागितलीत तर आधीच धीट असलेले वीस जण मिळतील. गप्प बसणारा तसाच राहील.

पांडवकडा
सगळ्या तुरुंगातून एकत्र चिठ्ठ्या काढता येणार नाहीत. वैर असलेल्यांना वेगवेगळ्या बराकींत ठेवलेलं असतं, ते एका खोलीत बसवायला कोणी अधिकारी तयार होणार नाही. सर्कलवार (सर्कल म्हणजे तुरुंगातला बराकींचा एक विभाग) गट करा, चिठ्ठ्या त्या त्या सर्कलमध्येच टाका, आणि महिला बंद्यांचा गट पहिल्यापासून वेगळा धरा. वीसपैकी सहा जागा पहिल्या महिन्यात नुसतं वेळ पाहण्यासाठी आणि पुठ्ठे उचलण्यासाठी ठेवा. न बोलणाऱ्याला खोलीत यायला तेवढं निमित्त पुरतं.