मदत हवी आहे : रस्टमध्ये फाइल बंद होतानाची एरर ‘ड्रॉप’मध्ये हरवू नये, यासाठी टाइपची रचना कशी करावी?

नमस्कार,

रोजच्या व्यवहारांच्या नोंदी फाइलमध्ये उतरवणारा एक प्रोग्रॅम मी जावामधून रस्टमध्ये आणत आहे. ओनरशिपचे (कोणती व्हॅल्यू कोणाच्या मालकीची, याचे) नियम आता अंगवळणी पडले आहेत. अडचण आहे ती फाइल बंद होण्याच्या क्षणाची. बफरायटरचा (मजकूर आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठवणाऱ्या टाइपचा) स्कोप संपला की त्याचा ड्रॉप (व्हॅल्यू नष्ट होताना आपोआप चालणारी मेथड) चालतो आणि बफरमध्ये उरलेला मजकूर फाइलकडे पाठवला जातो. परंतु त्या वेळी डिस्क भरलेली असेल तर ती एरर कोणालाच कळत नाही, कारण ड्रॉपला काहीही रिटर्न करता येत नाही. लिनक्सवर /डेव्ह/फुल (लिहायला गेले की नेहमी ‘जागा नाही’ ही एरर देणारी खास फाइल) उघडून त्यात दोन ओळी लिहिल्या की हे लगेच दिसते : मजकूर बफरमध्ये मावत असल्याने राइटचा प्रत्येक कॉल यशस्वी ठरतो, प्रोग्रॅम ० हा एक्झिट कोड देऊन संपतो आणि फाइलकडे एकही अक्षर गेलेले नसते. जावा ७ मध्ये (२०११) आलेल्या ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (ब्लॉक संपताच फाइल आपोआप बंद करणाऱ्या रचनेत) क्लोजचे एक्सेप्शन निदान वर तरी येते. मेमरीबाबत इतकी कडक असलेली भाषा इथे एवढी सैल कशी, याचे मला अजूनही नवल वाटते.

रिझल्ट (यश किंवा एरर) देणारी फिनिश(सेल्फ) ही मेथड मी लिहिली आहे, पण ती कॉल करायला वापरणारा विसरला तर काय, हा प्रश्न उरतोच. टाइपवर मस्ट-यूज (व्हॅल्यू न वापरल्यास इशारा देणारी खूण) लावून भागत नाही, कारण रायटर एकदा व्हेरिएबलमध्ये ठेवला की कंपायलर गप्प बसतो. ड्रॉपमध्ये मुद्दाम पॅनिक करणे (म्हणजे चालू थ्रेड तिथेच मोडणे) मला पटत नाही, कारण आधीच एक पॅनिक चालू असेल तर दुसऱ्यामुळे सगळा प्रोसेसच अबॉर्ट होतो. क्लोजरचा मार्ग (वापरणाऱ्याचा कोड फंक्शनसारखा घेऊन, तो चालल्यावर फाइल आपणच बंद करणे) सर्वांत भक्कम दिसतो : गार्डचा (ड्रॉपमध्ये आवराआवर करणाऱ्या व्हॅल्यूचा) ड्रॉप चालेलच याची हमी नसल्यामुळे स्कोप्ड थ्रेडची (ठरलेला स्कोप संपण्याआधी पूर्ण होणाऱ्या थ्रेडची) जुनी सोय २०१५ मध्ये रस्ट १.० येण्यापूर्वी काढावी लागली आणि २०२२ मध्ये १.६३ आवृत्तीत ती क्लोजरच्या रूपानेच परतली. माझा रायटर मात्र एका स्ट्रक्टमध्ये दीर्घकाळ राहतो, त्यामुळे क्लोजर तिथे बसवणे अवघड आहे.

सध्या माझा कल असा आहे की ड्रॉपचा अर्थ ‘काम पूर्ण करणे’ असा न ठेवता ‘काम रद्द करणे’ असा ठेवावा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे, फिनिशमध्ये फ्लश, सिंक-ऑल (डेटा प्रत्यक्ष डिस्कवर उतरवणे) आणि मग रिनेम करायचे, आणि फिनिश न होताच ड्रॉप झाला तर ती तात्पुरती फाइल पुसून टाकायची. मग फिनिश विसरले तर अंतिम फाइल तयारच होत नाही आणि चूक पहिल्याच चाचणीत उघडी पडते. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्येही कमिट न केल्यास रोलबॅकच होतो.

इथे दोन गोष्टींवर गाडी अडली आहे. टाइपवर ड्रॉप इम्प्लिमेंट केला की फिनिशमध्ये आतला बफरायटर मूव्ह करता येत नाही (एरर ई०५०९). त्यासाठी प्रत्येक फील्ड ऑप्शनमध्ये (‘व्हॅल्यू आहे किंवा नाही’ असा टाइप) गुंडाळून टेकने बाहेर काढावे, तर सगळ्या मेथडमध्ये अनरॅप (‘व्हॅल्यू आहेच’ असे धरून ती घेणारे कॉल) पसरतात. त्याऐवजी फक्त पाथ आणि ‘पूर्ण झाले’ हा फ्लॅग सांभाळणारा वेगळा गार्ड करून ड्रॉप त्याच्यावरच ठेवावा, म्हणजे बाहेरचा स्ट्रक्ट मोकळा राहील, हे योग्य आहे का? दुसरे असे की फील्ड जाहीर केलेल्या क्रमाने ड्रॉप होतात. म्हणजे फाइल बंद झाल्यावरच ती पुसली जावी यासाठी रायटर गार्डच्या आधी लिहावा लागेल. उद्या कोणी फील्ड वर्णानुक्रमे लावले, तर हा क्रम मुकाट्याने बदलेल. त्यावर कॉमेंटपलीकडे काही भक्कम उपाय आहे का?

टेम्पफाइल या क्रेटमधील (रस्टच्या तयार लायब्ररीतील) पर्सिस्ट जवळजवळ हेच करते, हे ठाऊक आहे. पण या प्रोजेक्टमध्ये बाहेरचे क्रेट घेण्यास परवानगी नाही, म्हणून कृपया स्टँडर्ड लायब्ररीपुरतेच सुचवावे.