मुलींची फी सरकार भरतं ना? मग कॉलेज पूर्ण पैसे का मागतंय?

बार्शीकर_काका

नमस्कार मंडळी. पुतणीला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत इंजिनिअरिंगची सीट लागली. कॉलेज खासगी, विनाअनुदानित. ओबीसी आहे, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेयर (ओबीसीतल्या सधन वर्गात मोडत नसल्याचा दाखला) दोन्ही हातात. दादा रिक्षा चालवतो, वहिनी अंगणवाडीत मदतनीस. काल तिघं कॉलेजात गेली, तर काउंटरवरच्या माणसाने कोऱ्या चिठ्ठीवर १,१८,००० एवढाच आकडा लिहून दिला. म्हणाला, आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ. दादा पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालाय. मी इकडे पुण्यात, मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी यातून गेलंय का?

टेबल_नंबर_तीन

काका, आधी दादांना फोन करा आणि पतसंस्थेत जाऊ नका म्हणावं. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात अकरा वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतोय. असली चिठ्ठी आमच्याकडूनही जायची, लाज वाटते सांगायला.

८ जुलै २०२४ चा जीआर, म्हणजे शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के सरकार देतं. त्याआधी निम्मं मिळायचं. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. तुमची पुतणी यात नीट बसते. पण 'फी माफ' या शब्दाने घोळ घातलाय. डेव्हलपमेंट फी, अनामत, बस, हॉस्टेल हे पदरचंच. म्हणून आकडा नाही, फीची फोड मागायची. लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नका, असं कॉलेजांना वरून बजावलेलं आहे. पोच मागितली की काउंटरवरचा आवाज आपोआप खाली येतो.

आता फॉर्म. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, ओबीसीची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाखाली सापडेल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी शुल्क शिष्यवृत्ती दिसते ती तिची नव्हे. दरवर्षी दहाबारा पोरं तिथेच चुकतात. नॉन क्रिमीलेयर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असंही समजू नका. तहसीलदारांचा दाखला वेगळा काढा आणि त्यात वहिनींचं मानधनही धरा. नंतर कुणी बोट दाखवायला नको.

नावं आजच ताडून बघा. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, बाप शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड घेऊन उभा. आधारवर 'दीपाली'ला इंग्रजीत डबल ई, मार्कशीटवर आय. एवढ्याशा अक्षरापायी तिने आधार केंद्राच्या तीन चकरा मारल्या, तोवर तारीख टळायची वेळ आली.

आणि बँक खातं. पैसे ज्या खात्याला आधार जोडलंय तिथेच जातात, मग फॉर्मबरोबर कुठलंही पासबुक जोडलंत तरी. माझ्याच घरचं सांगतो. लेकीने सिम घेताना दुकानात अंगठा दिला, तिथल्या पोराने परस्पर तिचं कसलंसं खातं उघडून आधार तिकडे वळवलं. सहा महिने आम्ही आपले बँकेत जाऊन पासबुक छापतोय! मी, ज्याने शेकडो पोरांना हे बजावलं. तेव्हा आधारच्या वेबसाइटवर कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते आधी बघून घ्या.

मास्तरीण_कुडाळ

वर सगळं बरोबर लिहिलंय, एकच भर. मी बारावी सायन्सला शिकवते. फॉर्म कॅफेत भरलात तर मोबाइल नंबर कुणाचा टाकलाय ते डोळ्यांनी बघा. आमच्या एका मुलीच्या अर्जावर कॅफेवाल्याचा नंबर होता. अर्ज 'सेंड बॅक' झाला, म्हणजे दुरुस्तीला परत आला, कागद अस्पष्ट म्हणून. निरोप त्याला गेला, तो विसरला, तिचं एक वर्ष बुडालं. आणि धाकटी भावंडं असतील तर जात वैधतेचं प्रकरण अकरावीतच टाका. निकालानंतर जात पडताळणी समितीच्या दारात जी रांग लागते ती बघवत नाही.

बार्शीकर_काका

दादा आज परत जाऊन आला. फोड मिळाली: शिक्षण शुल्क ९६,०००, डेव्हलपमेंट १४,४००, बाकी किरकोळ ७,६००, त्यात परीक्षा शुल्कही आहे. आधी तो माणूस पोच द्यायला तयार नव्हता, साहेब जेवायला गेलेत म्हणाला. पुतणी म्हणाली, थांबतो आम्ही. पाऊण तास बाकावर बसली तिघं. शेवटी शिक्का मिळाला, आत्ता फक्त २२,००० भरा म्हणाले. पण परीक्षा शुल्क सरकार देणार असेल तर तेही यात का?

आधारचं खातं बघितलं. दहावीत शाळेने काढलेलं निघालं, शून्य रुपये, दोन वर्षं व्यवहार नाही.

टेबल_नंबर_तीन

पोरगी तयारीची आहे. परीक्षा शुल्क आत्ता भरलंत तरी पावतीवर ते वेगळं लिहून घ्या, नाहीतर परत मागताना ते सापडत नाही. खातं बहुतेक निष्क्रिय झालेलं असेल. तिला आधार घेऊन शाखेत पाठवा, केवायसी करून शंभर रुपये भरू देत आणि नोंद पासबुकात छापून घ्या. आणि अर्ज भरून झाला की प्रिंट कॉलेजात माझ्यासारखा जो कोण बसला असेल त्याच्या हातात द्या. त्याने त्याच्या लॉगिनमधून पुढे ढकलल्याशिवाय अर्ज जागचा हलत नाही. आठवड्याने विचारायला जा. पुढच्या वर्षी पुन्हा नूतनीकरण आहेच, तेव्हा ही फाइल माळ्यावर टाकू नका.