शब्दचर्चा : 'राउटिंग'ला 'वर्ग करणे' चालेल का?

एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. कंपन्या हल्ली प्रत्येक काम सगळ्यात महागड्या एआय मॉडेलला देत नाहीत. पत्त्यातून पिनकोड वेगळा काढणं, तक्रार कोणत्या खात्याची ते ओळखणं, असली कामं स्वस्त मॉडेलकडे जातात. करारातली मेख शोधणं, बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करणं ही तगड्या मॉडेलकडे. कोणतं काम कुठे जाणार हे मध्ये बसलेला राउटर ठरवतो. या 'राउटिंग'ला मराठीत काय म्हणू? 'मार्गनिर्धारण' लिहून पाहिलं, पण वाचताना रस्त्याची आखणी चालल्यासारखं वाटतं. 'मार्गी लावणे' तर नकोच. काम मार्गी लागलं म्हणजे ते उरकत आलं.

०००

'बटवडा' कसा वाटतो? टपालाचा बटवडा आपण म्हणतोच.

०००

बटवड्यात पत्ता पाकिटावर आधीच लिहिलेला असतो, पोस्टमनला तो ठरवायचा नसतो. इथे तर पत्ता ठरवणं हेच मुख्य काम आहे.

नेमका शब्द आपल्या रोजच्या कारभारात आहे : वर्ग करणे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाणं शून्य क्रमांकाने नोंद करतं आणि प्रकरण संबंधित ठाण्याकडे 'वर्ग' करतं. तपास सीआयडीकडे वर्ग होतो, अनुदानाची रक्कम खात्यात वर्ग होते. या क्रियापदात एकाने काम हाती घेणं, ते कुणाचं आहे हे पाहणं आणि जबाबदारीसकट त्याच्या स्वाधीन करणं, सगळं येतं. राउटर हेच करतो.

आणखी एक सोय. ऑगस्ट २०२५ मध्ये जीपीटी-५ हे मॉडेल आलं तेव्हा चॅटजीपीटीत असा राउटर आतच बसवलेला होता. झटपट उत्तर द्यायचं की सावकाश विचार करणाऱ्या मॉडेलकडे जायचं, हे तो ठरवायचा. वापरणाऱ्याला विचारायचं असतं, 'माझा प्रश्न कुठे वर्ग झाला?' कर्ता न सांगता हे विचारता येतं, तेही अगदी सहज.

०००

मी गणित शिकवतो. आमच्याकडे 'वर्ग करा' म्हणजे संख्येला तिनेच गुणा. शिवाय यंत्रशिक्षणात 'वर्गीकरण' हा शब्द आधीच रुळलेला आहे, आणि पुष्कळ राउटर मुळात वर्गीकरणच करतात. गोंधळ होईल.

०००

होणार नाही, कारण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय वाट दाखवतात. 'पाचाचा वर्ग करा' आणि 'काम मोठ्या मॉडेलकडे वर्ग करा' यांत 'चा' आणि 'कडे' एवढा फरक पुरतो. वर्गीकरणाचं तर उलट बरंच झालं : राउटर आधी वर्गीकरण करतो, मग वर्ग करतो. दोन पायऱ्या, दोन शब्द.

०००

मला यापेक्षा मोठी अडचण दिसते. या धंद्यात दोन वेगळ्या रीती आहेत आणि लेखात दोन्हींना एकच शब्द पडला तर हिशेब चुकेल. एका रीतीत काम पाहूनच ठरतं कुठे द्यायचं. २०२४ मधली 'राउटएलएलएम' ही राउटर-प्रणाली या जातीची. दुसरीत काम आधी स्वस्ताकडे जातं, उत्तर तपासलं जातं, ते कच्चं निघालं तरच पुढच्याकडे. स्टॅनफर्डच्या लिंगजियाओ चेन, मातेई झहारिया आणि जेम्स झाऊ यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या 'फ्रुगलजीपीटी' या पद्धतीत ही दुसरी रीत आहे. तिला इंग्रजीत कॅस्केड म्हणतात. 'धबधबा' लिहू नका, हात जोडून सांगतो.

हिशेब असा. मार्च २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड ३ सॉनेट या स्वस्त मॉडेलचा दर दहा लाख इनपुट टोकनना (म्हणजे मॉडेलला दिलेल्या मजकुराच्या छोट्या तुकड्यांना) ३ डॉलर होता, त्याच मालिकेतल्या तगड्या ओपसचा १५. म्हणजे पाचपट. सॉनेटला एका कामाचा १ रुपया पडतो असं धरा. शंभर कामं सरळ ओपसला दिली तर ५०० रुपये. वीसच कामं अवघड असतील आणि ती नेमकी ओळखून वर्ग केली तर ८० अधिक १००, म्हणजे १८०. दुसऱ्या रीतीने शंभरही कामं आधी सॉनेटकडे, मग वीस ओपसकडे : २००. इथवर ठीक. पण नव्वद कामं पुढे गेली तर १०० अधिक ४५०, म्हणजे ५५०. तपासणीचा खर्च न धरताच काटकसर अंगावर आली!

या दुसऱ्या रीतीला 'उतरंड' म्हणावं. उतरंडीत सगळ्यात लहान मडकं वर असतं, हात आधी तिथेच जातो, आणि तळाच्या मोठ्या मडक्यापाशी पोचायला वरची सगळी उतरवावी लागतात. खर्च का वाढतो ते त्या शब्दातच दिसतं.

०००

उतरंड म्हटलं की आज अनेकांना आधी जातींची उतरंड आठवते. तरी मडक्यांचा अर्थ खेड्यापाड्यांत जिवंत आहे, तो सोडू नये. पहिल्यांदा वापराल तेव्हा 'मडक्यांची उतरंड' असं पुरतं लिहा. मॉडेलना मात्र 'हलकं' आणि 'भारी' म्हणू नका. 'भारी' महागही आणि उत्तमही, तिथवर छान. पण 'हलकं' म्हटलं की माल कमअस्सल ठरतो, आणि स्वस्त मॉडेल पिनकोड अगदी चोख काढतं. 'लहान' आणि 'मोठं' पुरे.

०००

सगळ्यांचे आभार. लेखातलं वाक्य आता असं झालं आहे : 'सोपी कामं लहान मॉडेलकडे आणि अवघड कामं मोठ्या मॉडेलकडे थेट वर्ग केली जातात, जिथे आधी अंदाज येत नाही तिथे मडक्यांची उतरंड रचतात, म्हणजे काम आधी लहानाकडे देतात आणि उत्तर पटलं नाही तर मोठ्याकडे.' 'राउटर'ला 'राउटर'च ठेवते आहे, वायफायमुळे तो शब्द घरोघरी आहे.