लाओस : जमिनीत उरलेलं युद्ध

लुआंग प्रबांगचे विहार आणि मेकाँगवरची संध्याकाळ, एवढंच डोक्यात ठेवून मी लाओसला गेले होते. फोनसवानला एका घरापुढे लांबट लोखंडी कुंडीत कांद्याची पात छान तरारली होती. फोटो काढताना कळलं, कुंडी कसली, क्लस्टर बॉम्बचं, म्हणजे पोटात शेकडो छोटे बॉम्ब भरलेल्या बॉम्बचं, अर्धं कवच ते! मग रात्रभर वाचत बसले. 1964 ते 1973 मध्ये अमेरिकेने या देशावर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर नऊ वर्षं, अहोरात्र, दर आठ मिनिटांना विमानभर. 1962च्या जिनिव्हा करारात लाओस तटस्थ ठरला होता, म्हणून सगळं गुपचूप. व्हिएतनाम युद्ध मला माहीत होतं. हे नव्हतं, आणि त्याची लाज वाटली. तुमच्यापैकी कोणी पाहिलंय? सविस्तर लिहा. व्हिसा-हॉटेलांचं नंतर बघू.

*

मी रांजणांच्या पठारावर गेलो होतो. एक अवाढव्य दगडी रांजण फोटोत मावेना म्हणून मागे मागे सरकत होतो, तर गाईडने दंड धरून ओढलं. पायाशी विटेएवढी खूण, अर्धी पांढरी, अर्धी लाल. पांढऱ्या बाजूची जमीन न फुटलेल्या बॉम्बांसाठी आतपर्यंत तपासलेली. लाल बाजूला फक्त वर दिसत होतं तेवढंच उचललेलं. मी दीड पाऊल लाल बाजूला होतो. गाईड हसला, पण दंड काही लगेच सोडला नाही.

*

बान नापिया गावात बॉम्ब-विमानांच्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून चमचे करतात. साच्यात ओतलं की मिनिटभरात चमचा तयार. मी हरखून चार घेतले. नंतर सोबतच्या बाईंनी विचारलं, "भंगार शोधताना माणसं मरतात, ठाऊक आहे ना?" पण न घ्यावेत तर त्या घराने खायचं काय? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

*

राजधानी व्हिएन्टिआनचं कोप केंद्र चुकवू नका, तिथे जखमींना कृत्रिम हातपाय मिळतात. छताला क्लस्टर बॉम्ब टांगलाय, त्यातून गोळे खाली सांडताना दाखवलेत. लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढे, म्हणून पोरं उचलतात. असे सुमारे 27 कोटी पडले, त्यातले 30 टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. मला मात्र आकड्यांपेक्षा एका कोपऱ्याने हलवलं. तिथे लोकांनी स्वतःच लाकडाचे, पत्र्याचे बनवलेले पाय आहेत, नवा पाय मिळाल्यावर आणून दिलेले. एकाचा तळवा पार झिजला होता. त्या पायाने वर्षानुवर्षं चालणं झालं असणार.

*

थाम पिऊ गुहा. 24 नोव्हेंबर 1968 ला आत लपलेल्यांवर विमानातून रॉकेट आलं. स्थानिक नोंदीनुसार 374 माणसं गेली. मी पाच मिनिटांत बाहेर आलो. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

*

2016 मध्ये ओबामा लाओसला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. सफाईसाठी तीन वर्षांत 9 कोटी डॉलर जाहीर केले. मी आमच्या गाईडला विचारलं, पुरले का? तो म्हणाला, "मामाच्या शेताचा नंबर अजून यायचाय." मग म्हणाला, तोवर मामा नांगर उथळच धरतो.